सीलबंद लिफाफ्यातला देव

आमच्या मामांचं म्हणणं असं, की देवाला पुरावा नाही हे साफ खोटं आहे. पुरावा आहे, भरपूर आहे, फक्त तो ज्याचा त्यानेच बघायचा असतो. गुरूने कानात सांगितलेलं नेमाने करायचं आणि जे दिसेल ते पोटात ठेवायचं. चारचौघांत मांडायला गेलं की त्याचा विचका होतो. "म्हणून तर त्याला गुह्य म्हणतात, वकीलबाई," असं म्हणून मामा पायाने हिंचक्याला झोका देतात आणि सुपारी कातरायला घेतात. (बडोद्यातल्या मराठी घरांतसुद्धा झोपाळ्याचा हिंचका झालेला आहे. पुण्याचे पाहुणे हसतात, हसू देत.)

मी इथल्या कोर्टात दिवाणी वकिली करते. मामा सांगतात त्या प्रकाराला आमच्या धंद्यात सीलबंद लिफाफा म्हणतात. सरकार न्यायाधीशांच्या हातात बंद पाकीट देतं, न्यायाधीश ते वाचतात, समोरच्या पक्षाला आत काय आहे ते कळत नाही, आणि निकाल मात्र त्या पाकिटाच्या जोरावर लागतो. 2023च्या एप्रिलमध्ये मीडियावन या मल्याळी वाहिनीच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने या पद्धतीवर चांगलेच ताशेरे ओढले. ज्या कागदावरून माझ्याविरुद्ध निर्णय होणार तो कागद मला बघायला मिळू नये, हे नैसर्गिक न्यायात बसत नाही. मी मामांना तो भाग वाचून दाखवला. मामा म्हणाले, "माझ्या पाकिटात तुझ्याविरुद्ध काही नाही. तू कशाला उघडायला मागतेस?"

मुद्दा बिनतोड वाटतो, पण तसा नाही. मामांना पहाटे जपाला बसल्यावर काय होतं यावर माझी काही हरकत नाही. हरकत पुढच्या पायरीवर आहे. देव साकार आहे किंवा निराकार आहे, तो जगाचा कर्ता आहे, स्थूल देहामागे सूक्ष्म देह आहेत, हे सगळे निकाल झाले. ते मामांपुरते राहत नाहीत, मलाही लागू होतात. मला लागू होणार असतील तर कागद दाखवा.

मामा कोयलीच्या रिफायनरीतून इंजिनियर म्हणून निवृत्त झाले. प्रेशर गेज न बघता "मला वाटतं दाब ठीक आहे" असं म्हणणाऱ्या ज्युनिअरला त्यांनी कधी सोडलं असेल असं वाटत नाही. मी हे काढलं की ते म्हणतात, "गेज इथेही आहे. तू वाचायला शिकली नाहीस."

असा वाद बडोद्यात घालण्यात एक वेगळी मजा आहे, कारण या वादाचे दोन्ही बाजूंचे दस्तऐवज याच गावाने छापून ठेवलेत. सयाजीराव महाराजांच्या काळात गायकवाड ओरिएंटल सिरीज सुरू झाली. 1916 साली तिचं पहिलं पुस्तक निघालं, राजशेखराची काव्यमीमांसा. पुढे विनयतोष भट्टाचार्यांनी तिच्यात बौद्ध तंत्रातली साधनमाला दोन खंडांत काढली, आणि 1931 साली गुह्यसमाजतंत्र. दीक्षेशिवाय जिला हात लावायचा नाही ती पोथी खिळे जुळवणाऱ्यांच्या शाईच्या बोटांतून गेली आणि पोस्टाने वाटेल त्याच्या घरी पोहोचू लागली. मामांना ही गोष्ट फारशी आवडत नाही. मला फार आवडते.

त्याच मालेत 1926 साली शांतरक्षिताचा तत्त्वसंग्रह निघाला, त्याचा शिष्य कमलशील याच्या पंजिकेसह, म्हणजे टीकेसह. शांतरक्षित आठव्या शतकातला बौद्ध पंडित, नालंदा परंपरेतला, पुढे तिबेटात जाऊन साम्ये मठाच्या स्थापनेत ज्याचा हात होता तो. साडेतीन हजारांहून जास्त कारिका, आणि एकेका मताची परीक्षा घेणारी एकेक प्रकरणं. दुसरंच प्रकरण ईश्वरपरीक्षा. या ग्रंथाची पोथी जर्मन संस्कृत-पंडित ब्यूलरना 1873 साली जैसलमेरच्या जैन भांडारात मिळाली. शांतरक्षिताने जैनांच्या स्याद्वादाचीही यथेच्छ धुलाई केलेली आहे, आणि जैनांनीच ती पोथी शतकानुशतकं वाळवीपासून जपली. विरुद्ध पक्षाचा कैफियतनामा इतक्या काळजीने जपणारा पक्षकार मला अजून भेटायचा आहे.

ईश्वरपरीक्षेत वादीची बाजू आधी नीट मांडलेली आहे. उद्योतकर, प्रशस्तमती, अविद्धकर्ण अशा आस्तिकांची नावं घेऊन कमलशील त्यांचे युक्तिवाद देतो. घडा दिसला की कुंभार असतो, वाडा दिसला की गवंडी असतो. शरीर, झाडं, डोंगर यांच्यातही अवयवांची मांडणी आहे, तेव्हा त्यांचाही कुणी बुद्धिमान कर्ता असला पाहिजे. यावर शांतरक्षिताचं उत्तर असं, की रानात ओसाड देऊळ दिसलं तर बांधणारा न पाहताही कुणीतरी बांधलं हे कळतं, कारण तसलं काम माणसं करताना आपण पाहिलेलं असतं. डोंगर कुणी करताना पाहिलेला नाही. दोन्हीकडे "मांडणी" हे एकच नाव लावलं म्हणून दोन्ही गोष्टी एक होत नाहीत. धर्मकीर्ती या बौद्ध तर्कपंडिताने आधीच टोला हाणून ठेवला होता, की माती दिसली म्हणून कुंभार मानायचा तर वारूळही कुंभारानेच घडवलं म्हणा. शिवाय वाड्याला गवंडी, सुतार, लोहार असे दहा हात लागतात, मग त्या दाखल्यावरून एकच कर्ता कसा निघतो? आणि शेवटचं, माझ्या मते सगळ्यात जड. कर्ता नित्य आहे, पूर्ण आहे, कधी बदलत नाही. मग त्याच्यातून सगळं एकदमच का आलं नाही? आज पाऊस आणि उद्या ऊन, असं क्रमाने का येतं? काही कमी होतं म्हणून थांबला असेल तर तो पूर्ण नव्हता.

मामांनी हे सगळं भिंग लावून वाचलं, पेन्सिलीने खुणा केल्या (स्वतःच्या प्रतीवर, ग्रंथालयाच्या नव्हे), आणि एका रविवारी सेव-उसळीच्या प्लेटा पुढ्यात असताना म्हणाले, "तुझा साक्षीदार फुटला."

फुटला होता खरा. ज्या शांतरक्षिताने दुसऱ्या प्रकरणात ईश्वराला बाहेर काढलं, तोच शेवटच्या प्रकरणात सर्वज्ञ पुरुष असू शकतो हे सिद्ध करायला बसतो. बुद्ध सर्वज्ञ होता, साधनेने माणसाला तसं ज्ञान होऊ शकतं, योग्याचं प्रत्यक्ष हेही प्रत्यक्षच आहे. म्हणजे जगाचा कर्ता नको, पण आतल्या डोळ्याने सगळं बघणारा चालेल. पाकीट बदललं, सील तेच. मामा त्या दिवशी फार खुशीत होते, त्यांनी तर्री दोनदा मागवली.

आजोबांच्या, म्हणजे मामांच्या वडिलांच्या कपाटात थिऑसॉफीची, म्हणजे एकोणिसाव्या शतकातल्या गुप्तविद्येच्या चळवळीची, जुनी बांधीव पुस्तकं होती. ती अजून आहेत, पानं हाताळताना कोपरे तुटतात. त्या मंडळींची पुराव्याची कल्पना मामांच्या अगदी उलट होती. ते पाकीट उघडायलाच निघाले होते, तेही चहाच्या टेबलावर. 1880 साली सिमल्याला या चळवळीच्या संस्थापक मॅडम ब्लाव्हाट्स्की काही जणांबरोबर सहलीला गेल्या. सहा जणांचं सामान होतं, सातवा माणूस ऐन वेळी येऊन मिळाला, एक कपबशी कमी पडली. बाईंनी जमिनीवर एक जागा दाखवली, तिथे सुरीने खणलं, आणि मुळ्यांच्या जाळीत त्याच नक्षीची कपबशी निघाली. पायनियर या इंग्रजी वर्तमानपत्राचे संपादक सिनेट यांनी ही हकिगत लिहून ठेवली आहे. मामांचा शेरा: "यावरून फार तर सिमल्याच्या जमिनीत क्रोकरी आहे एवढं सिद्ध होतं. देवाचा संबंध काय?"

संबंध होता, आणि तो विचित्र होता. या चमत्कारांमागे हिमालयापलीकडचे महात्मे आहेत असं सांगितलं जायचं, त्यांची पत्रंही यायची, कधी छतातून पडून, कधी बंद पाकिटात. (ही पत्रं आता लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत.) पुढे काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारे ए. ओ. ह्यूम तेव्हा या वर्तुळात होते. गुप्तविद्येच्या मांडणीची प्रस्तावना म्हणून त्यांनी "देव" या मथळ्याचं प्रकरण लिहिलं. 1882च्या सुमारास त्यावर कूट हूमी या महात्म्याचे शेरे आले. त्यांचा आशय असा, की आमचं तत्त्वज्ञान देव मानत नाही, आम्हीही मानत नाही, आम्ही मानतो ते अनादि जडद्रव्य. म्हणजे पत्र येणार चमत्काराने आणि पत्रात लिहिलेलं असणार की देव नाही. ह्यूमसाहेबांच्या चेहऱ्याची मला कीव येते.

यात दोन वेगळे प्रश्न गुंतलेत, आणि थिऑसॉफीच्या वादात ते कुणी सोडवून ठेवले नाहीत. पत्र खरोखर महात्म्याचं आहे का, हा एक. महात्म्याचं असेल तर त्यात लिहिलेलं खरं का, हा दुसरा. सगळी शक्ती पहिल्यावर खर्च झाली. लंडनच्या सोसायटी फॉर सायकिकल रिसर्चने रिचर्ड हॉजसन यांना मद्रासला पाठवलं, त्यांनी अड्यारची, म्हणजे थिऑसॉफीच्या मुख्यालयातली, खोली, तिथलं लाकडी देवघर, भिंत, सगळं तपासलं, हस्ताक्षरतज्ज्ञाचं मत जोडलं. 1885चा अहवाल सांगतो, बाई इतिहासातल्या अत्यंत कुशल तोतयांपैकी एक. शंभर वर्षांनी, 1986 साली, त्याच सोसायटीच्या नियतकालिकात व्हर्नन हॅरिसन यांनी हॉजसनचा अहवालच एकतर्फी आणि अविश्वसनीय ठरवला. मी दोन्ही बाजू वाचल्या. अक्षर बाईंचं नव्हतं असं उद्या निर्विवाद ठरलं, तरी देव आहे की नाही या प्रश्नावर सुईच्या टोकाएवढाही फरक पडत नाही. पाकिटावरचं टपाली चिन्ह तपासून आतला मजकूर खरा ठरत नाही.

ज्ञानोबांनी ही गाठ सहाशे वर्षं आधी एका फटक्यात सोडवली होती. अमृतानुभवात ते ज्ञानसुद्धा बंधनच असं म्हणतात, शिवसूत्रांचा आधार देतात, आणि लगेच आधार बाजूला सारतात. शिवाने किंवा श्रीकृष्णाने सांगितलं म्हणून आम्ही हे मानतो असं नाही, त्यांनी सांगितलं नसतं तरी हे असंच राहिलं असतं. हे एकदा म्हटलं की पत्र कुणाच्या अक्षरात आहे ही चौकशीच निकालात निघते. मामा माझ्या बाजूला आले असं वाटायला लागतं ते अशा वेळी. पण पुढच्याच वाक्यात ते म्हणतात, "ज्ञानोबांनी तरी काय, पाहूनच लिहिलं ना?"

थिऑसॉफीचं प्रकरण संपवण्याआधी दामोदर मावळंकरांबद्दल लिहायला हवं, कारण ते आमच्यासारखेच, गुजरातेत पिढ्या घालवलेल्या मराठी घरातले. अहमदाबादचे, सधन कऱ्हाडे ब्राह्मण कुटुंब. 1879 साली थिऑसॉफिकल सोसायटीत गेले, जात सोडली, वडिलोपार्जित हिस्सा सोडला, अड्यारला राहून काम केलं. महात्मे आपण स्वतः पाहिले असं सांगणारा हा प्रत्यक्षदर्शी. हॉजसनची चौकशी चालू असतानाच्या दिवसांत, 1885च्या फेब्रुवारीत, ते गुरूंना भेटायला तिबेटच्या वाटेला लागले आणि परत आले नाहीत. उलटतपासणी घेणारे त्यांना लबाड किंवा भोळे ठरवून मोकळे झाले. मला दोन्ही पटत नाही. घरदार सोडून बर्फात गेलेल्या माणसाला आपण सांगतो ते खोटं आहे हे माहीत असेल असं वाटत नाही. पण साक्षीदार प्रामाणिक असणं आणि साक्ष खरी असणं यांत अंतर असतं. जमिनीच्या दाव्यांत ते मी रोज बघते. दोन सख्खे भाऊ एकाच बांधाबद्दल, देवाशपथ, दोन दिशा सांगतात.

आता बडोद्याच्या मुख्य साक्षीदाराकडे. अरविंद घोष 1893 साली इथे नोकरीला आले आणि 1906पर्यंत राहिले, बडोदा कॉलेजात इंग्रजी आणि फ्रेंच शिकवलं. केंब्रिजहून येताना देवाबद्दल त्यांना फारशी खात्री नव्हती. त्यांनी नंतर स्वतःच्या बडोद्यातल्या दिवसांविषयी जे सांगितलं ते वकिलाच्या नजरेने वाचण्यासारखं आहे, कारण ते आपल्याच पुराव्याची प्रतवारी लावतात.

धाकटा भाऊ बारीन डोंगराळ भागातला चिवट ताप घेऊन आला होता. एका नागा संन्याशाने पेल्यातलं पाणी मागवलं, मंत्र म्हणत त्या पाण्यावर सुरीने आडवी-उभी रेघ ओढली, पाणी प्यायला दिलं, आणि ताप उतरला. अरविंदबाबूंवर याचा परिणाम झाला हे ते सांगतात. मी याला फारसं वजन देणार नाही, ताप उतरतातच. पुढे घरात आपोआप लेखनाचे प्रयोग चालत. बारीनच्या हातून वडिलांचा आत्मा लिहू लागला. त्याने लहानपणी बारीनला दिलेल्या सोन्याच्या घड्याळाची आठवण सांगितली, आणि देवधर नावाच्या इंजिनियरच्या घरी भिंतीवर अमुक चित्र आहे असं सांगितलं. शोध घेतला तर तसं चित्र नव्हतं. मग त्या घरच्या म्हाताऱ्या आई म्हणाल्या, होतं, नंतर भिंतीला सफेदी मारली तेव्हा झाकलं गेलं. इथे मी सरसावून बसते. अनपेक्षित तपशील, आणि तिऱ्हाईत व्यक्तीची पुष्टी. रामकृष्णांचा आत्मा म्हणून कुणी आलं ते बराच वेळ गप्प राहिलं आणि जाताना "मंदिर बांधा" एवढं म्हणून गेलं. दोघे भाऊ तेव्हा क्रांतिकार्यासाठी भवानी मंदिर उभारायच्या योजनेत गढलेले, त्यांना वाटलं तेच मंदिर. पुष्कळ वर्षांनी अरविंदबाबूंनी त्याचा अर्थ आतलं मंदिर असा लावला.

एवढं हाताशी असूनही त्यांनी या सगळ्यावर एकूण निकाल काय दिला? काही गोष्टींचा उलगडा होत नाही, पण यातलं बरंचसं मनाच्या तळातलं नाटक असतं. त्यांनी यावर इमारत उभी केली नाही. सफेदीखालचं चित्र हातात असताना हे म्हणायला हिंमत लागते. माझा त्यांच्यावरचा विश्वास इथे बसतो, पुढच्या दर्शनांच्या हकिगतींमुळे नव्हे.

त्यांचं एक पत्र तर अक्षरशः पुराव्यात दाखल झालेलं आहे. 30 ऑगस्ट 1905 रोजी पत्नी मृणालिनीदेवींना लिहिलेलं, स्वतःची तीन वेडं सांगणारं. दुसरं वेड देवाला समोरासमोर बघण्याचं. ऊठसूट नाम घेणं आणि लोकांत भक्ती मिरवणं मला नको, ते म्हणतात. देव असेल तर त्याचं अस्तित्व अनुभवण्याची, त्याला भेटण्याची काहीतरी वाट असलीच पाहिजे. वाट आपल्याच शरीरात आणि मनात आहे असं हिंदू धर्म सांगतो, मी नियम पाळायला लागलो, आणि महिनाभरात सांगितलेल्या खुणा पटू लागल्या. हे खासगी पत्र पुढे पोलिसांच्या हाती लागलं आणि अलिपूर बाँब खटल्यात सरकार पक्षाने दाखवलं. 6 मे 1909 रोजी अरविंदबाबू निर्दोष सुटले. पत्रातल्या "असेल तर" या अटीकडे सरकारी वकिलांचं लक्ष गेलं नसावं. मी मात्र ती अट मामांना पुन्हा पुन्हा दाखवते. ज्या माणसाने देव गृहीत धरून सुरुवात केली नाही, त्याची जबानी जास्त ऐकण्यासारखी.

आणि मग लेले. 1907च्या डिसेंबरात सुरतेची काँग्रेस फुटली, अरविंदबाबू तिथून बडोद्याला आले, आणि जानेवारीच्या सुरुवातीला विष्णू भास्कर लेले या मराठी योग्याबरोबर सरदार मजुमदारांच्या वाड्यात वरच्या खोलीत तीन दिवस बसले. लेल्यांनी सांगितलेली रीत एवढीच: बसा आणि बघा, विचार तुमच्यात बाहेरून येतात. आत शिरण्याआधी त्यांना परत फेका. अरविंदबाबू म्हणतात, तीन दिवसांत, खरं तर एकाच दिवसात, मन कायमचं शांत झालं. जग म्हणजे एका निर्गुण, निराकार ब्रह्मावर सरकणाऱ्या पोकळ आकृत्या, सिनेमासारख्या, असं दिसू लागलं. 19 जानेवारीला मुंबईत भाषण होतं आणि डोक्यात एक शब्द नव्हता. लेल्यांनी सांगितलं, सभेला नमस्कार करा आणि थांबा, बोलणं येईल. आलं.

यातली मला महत्त्वाची वाटणारी गोष्ट शांतता नाही. जे झालं ते दोघांपैकी कुणालाही नको होतं. लेले भक्तिमार्गातले, त्यांना सगुण देवाचं प्रेम जागवायचं होतं. अरविंदबाबूंना देशकार्यासाठी बळ हवं होतं, जग मिथ्या ठरवणारा अनुभव त्यांच्या स्वतःच्या मतांच्या विरुद्ध होता. कोर्टात माणूस आपल्या फायद्याचं बोलतो तेव्हा आम्ही कान टवकारतो. तोट्याचं बोलतो तेव्हा लिहून घेतो. मनाचे खेळ सहसा मनाला हवं तेच दाखवतात. इथे मनाने नको ते दाखवलं, म्हणजे त्या खोलीत काहीतरी घडलं, हे मी मान्य करते. मामांना इतकं पुरेसं आहे. मला नाही, कारण आपला वाद "काही घडलं का" असा नव्हताच, देव कसा आहे असा होता. आणि त्यावर, एका खोलीत, गुरू एक म्हणतो आणि शिष्याला दुसरंच दिसतं.

बरं, शिष्य तरी एका जबानीवर राहिला का? अलिपूरच्या तुरुंगातून सुटल्यावर 30 मे 1909च्या उत्तरपाड्याच्या भाषणात ते सांगतात, तुरुंगाच्या भिंती, समोरचं झाड, कैदी, सगळीकडे मला वासुदेव दिसला. कोर्टात मॅजिस्ट्रेटकडे पाहिलं तर श्रीकृष्ण, सरकारी वकिलांकडे पाहिलं तरी श्रीकृष्णच. (सरकारी वकिलात देव दिसतो हे आमच्या बाररूममध्ये सांगून बघितलं. कुणीही मान्य केलं नाही.) जानेवारी 1908मध्ये पोकळ आकृत्या, आणि दीड वर्षाच्या आत त्याच जगात काठोकाठ वासुदेव. मी म्हटलं, "मामा, साक्षीदार आधीच्या जबानीवरून फिरला." मामा म्हणाले, "फिरला नाही. अपुरी होती ती पुरी केली." अरविंदबाबूंचंही तेच म्हणणं, निर्गुणही खरं आणि सगुणही.

इथे माझं आणि मामांचं खरं बिनसतं. शून्य दिसलं तर ते देवाचं एक अंग, कृष्ण दिसला तर दुसरं, काहीच दिसलं नाही तर साधना कमी पडली. मग कुठला अनुभव आला असता तर मामांनी "देव नाही" असं म्हटलं असतं? मी हा प्रश्न घातला तेव्हा त्यांनी अडकित्ता खाली ठेवला आणि बराच वेळ विचार केला. मग म्हणाले, "तुझ्या कायद्यात सिद्ध कशाला म्हणतात?"

हा माणूस तयारी करून येतो. 1872चा पुरावा कायदा गेला आणि 1 जुलै 2024पासून भारतीय साक्ष्य अधिनियम आला, पण "सिद्ध" या शब्दाची व्याख्या तशीच राहिली. ती शंभर टक्के खात्री मागत नाही. एखादी गोष्ट असणं इतकं संभवनीय वाटावं, की शहाण्या माणसाने त्या परिस्थितीत ती आहे असं धरून वागावं, एवढंच. मामा म्हणाले, "मी तर आयुष्यभर तसाच वागत आलो. आता शहाणा आहे की नाही, ते तू ठरव." आणि वर आणखी एक, "तुम्ही लोक जागेचा वाद असला की स्थळपाहणी करता. इथे जागेवर न जाता निकाल लिहितेस."

म्हणून गेले. दांडिया बाजारातल्या अरविंद निवासात, दुपारच्या वेळी, लेल्यांची रीत धरून बसले. बाहेर रिक्षांचे हॉर्न, आत शेजारच्या बाईंच्या बांगड्या. विचार येत होते: एका दाव्यातली तारीख, पक्षकाराने न आणलेला सातबारा, गुडघा. ते बाहेरून येतात की आतून उगवतात, हे ओळखायची खूण मला मिळाली नाही. विचार आला हे तो घरात शिरल्यावरच कळतं, उंबऱ्यावर उभा असताना तो दिसत नाही, मग परत फेकायचा कधी? मामांना हे सांगितलं. "एका दुपारीत?" ते म्हणाले. मी म्हटलं, अरविंदबाबूंना एका दिवसात झालं. "ते अरविंदबाबू होते."

यावर मी कुमारिलाला बोलावलं. तत्त्वसंग्रहाच्या त्याच शेवटच्या प्रकरणात शांतरक्षिताने वेद प्रमाण मानणाऱ्या या मीमांसकाचे आक्षेप मन लावून उतरवलेत. एक असा: दहा हात उंच उडी मारणारा माणूस शंभर वेळा सराव केला म्हणून योजनभर उडणार नाही. सरावाने माणूस सुधारतो, पण सरावाला हद्द आहे. दुसरा जास्त बोचरा: अमका सर्वज्ञ आहे हे ओळखणार कोण? ओळखायला तुम्हालाही सर्वज्ञ व्हावं लागेल, आणि मग तुम्हाला ओळखायला तिसरा.

पहिल्यावर मामांनी लगेच उत्तर दिलं. उडी मारणारा दर वेळी जमिनीवर परत येतो, पुढची उडी शून्यापासून, नवा जोर लावून. शिकलेलं मात्र जात नाही, त्यावर पुढचं चढतं. उत्तर चांगलं आहे, आणि ते शांतरक्षिताचंच आहे. देव खोडून काढणाऱ्याचा युक्तिवाद मामा देवासाठी वापरत होते, त्यांना त्याची गंमतही वाटत होती. दुसऱ्यावर त्यांनी मलाच विचारलं, "तुझ्या न्यायाधीशाला कायदा येतो हे तुझ्या पक्षकाराला कसं कळतं?" मी म्हटलं, त्याला कळत नाही, म्हणून तर वर अपील असतं. "मग आमच्यातही असेल."

आहे, किंवा एकदा झालं होतं. आठव्या शतकाच्या अखेरीस तिबेटात ध्यानातला अनुभव कसा येतो यावरच वाद पेटला. हशांग मोहयान हा चिनी भिक्षू म्हणत होता, सगळे विचार सोडून दिले की एकदम उजाडतं. भारतातून गेलेला कमलशील, बडोद्याच्या पुस्तकातला तोच पंजिकाकार, म्हणत होता, विचार सोडून नाही, विचारानेच, पायरीपायरीने. दोघेही आतलं सांगणारे, दोघांचंही पाकीट बंद, आणि तरी राजा ठ्रिसोंग देचेनपुढे, उघड्यावर, दोन्ही बाजू मांडल्या गेल्या असं परंपरा सांगते. मला या प्रकाराबद्दल फार आदर आहे. समाधीतल्या अनुभवालासुद्धा समोरच्याचे प्रश्न झेलावे लागतील हे त्यांनी मानलं. मामांना हे एवढं आवडलं की त्यांनी निकाल विचारला.

तिबेटी इतिहास सांगतात, कमलशील जिंकला. चीनमधल्या तुनहुआंगच्या गुहेत सापडलेली चिनी नोंद सांगते, राजाने मोहयानचं मत ग्राह्य धरलं.

मामांनी हिंचका थांबवला. "आणि सही-शिक्क्याची नक्कल कुणाकडे आहे?"